फक्त काळ्या शाईची प्लेट

२०२१ सालच्या पद्मश्रींच्या यादीत कला विभागातली दोन नावं एकमेकांशेजारी ठेवून बघण्यासारखी होती. एक सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे परशुराम गंगावणे. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या त्यांनी जन्मभर धरून ठेवल्या, घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. दुसरे हावड्याचे नारायण देबनाथ. १९६२ पासून पन्नासहून अधिक वर्षं ते बंगाली मुलांच्या मासिकांत चित्रकथा, म्हणजे कॉमिक्स, काढत होते. गुलाबी गंजीफ्रॉक, काळी अर्धी चड्डी, अनवाणी पाय आणि तोफेचा गोळाही ज्याच्या छातीवर आपटून परत जाईल असा त्यांचा बाँटुल बंगालमध्ये आजोबाला जितका ठाऊक आहे तितकाच नातवालाही.

पहिल्या नावाचा आपल्याला अभिमान वाटला, वाटायलाच हवा. पण दुसऱ्या नावाच्या जोडीला मराठीत कोण, असं मी तेव्हा तीन-चार वाचत्या मित्रांना विचारलं. एकानं शि. द. फडणीसांचं नाव घेतलं. एकानं बाळासाहेब ठाकऱ्यांचं. तिसरा ‘वेताळ!’ म्हणाला आणि स्वतःच हसला. फडणीस आणि ठाकरे हे व्यंगचित्रकार, एका चौकटीत खेळ संपवणारे. आणि वेताळ, म्हणजे फँटम, तर मूळचा अमेरिकेचा.

मराठीत चित्रकथा कुणी काढल्याच नाहीत असं नाही. ‘किशोर’मध्ये आल्या, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आल्या, अधूनमधून कुणी हौशीनं पुस्तकही काढलं. पण परंपरा म्हणावी असं काही उभं राहिलं नाही. परंपरा म्हणजे एकाचं बघून दुसऱ्यानं हातात पेन धरणं, तिसऱ्यानं त्या दोघांना नावं ठेवत वेगळं काही काढणं, आणि हे सगळं छापायला, विकायला, वाचायला माणसं ठरलेल्या दिवशी तयार असणं. असं का झालं नाही, याची दोन कारणं नेहमी ऐकू येतात. आपल्याकडे तसे चित्रकार नाहीत, आणि आपला वाचक गंभीर आहे. दोन्ही मला खोटी वाटतात. चित्रकार होते, वाचकही होते. मधला पूल, म्हणजे प्रकाशनाची सवय, तेवढा बांधला गेला नाही.

पूर्वजांचा प्रश्न आधी मिटवू. हा विषय निघाला की सभेत कुणीतरी उठून सांगतंच की कॉमिक्स आपल्याला नवं नाही, पिंगुळीची चित्रकथी बघा, पैठणची चित्रं बघा. पोथीतलं एकेक सुटं चित्र प्रेक्षकांपुढे धरायचं, वीणा, टाळ आणि हुडुकाच्या साथीत कथा गायची, मग पुढचं चित्र. ऐकायला फार गोड वाटतं, पण वारसा असा सभेत ठराव करून मिळत नाही. पोथी छापली जात नव्हती, घरोघर जात नव्हती. पुण्या-मुंबईत ज्यांनी चित्रकथा काढल्या त्यांचे गुरू कला महाविद्यालयांत, जाहिरात कंपन्यांत आणि परदेशी वर्तमानपत्री पट्ट्यांत होते, कुडाळजवळच्या अंगणात नव्हते. पिंगुळीकडून घेण्यासारखी गोष्ट एकच, आणि तीच आपण घेतली नाही. पुढचं चित्र येणार आहे हे तिथं बसलेल्याला माहीत असतं.

आता खरी चमत्कारिक गोष्ट. ज्या काळात मराठीत चित्रकथा नव्हती म्हणतो, त्याच काळात भारतभराच्या चित्रकथांचा कारखाना महाराष्ट्रात होता. टाइम्सचं ‘इंद्रजाल कॉमिक्स’ १९६४ मध्ये मुंबईत सुरू झालं आणि १९९० पर्यंत चाललं. ‘अमर चित्र कथा’ १९६७ ची. संपादक अनंत पै कर्नाटकातल्या कारकळचे, पण कचेरी मुंबईची. ‘टिंकल’ १९८० चं, तेही मुंबईचंच. आणि काढणारे हात बघा. ‘अमर चित्र कथे’चा कृष्ण काढला राम वाईरकरांनी, पुढे ‘टिंकल’चा सुप्पंडीही त्यांनीच. शिकारी शंभू वसंत हळबे यांच्या हातचा. प्रताप मुळीक पुण्यात बसून पौराणिक आणि ऐतिहासिक नायक काढत होते. पुढे १९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्सनं हिंदीत ‘नागराज’ आणला तेव्हा त्या हिरव्या अंगाच्या नायकाला रूप दिलं ते मुळीकांनीच. दिलीप कदमांचं नावही याच रांगेतलं.

म्हणजे मराठी चित्रकार नव्हते असं म्हणणाऱ्यानं सुप्पंडी आणि नागराज कुणी काढले ते आधी सांगावं. हात इथले होते. पण ते कथा सांगत होते इंग्रजीत आणि हिंदीत. मराठीला त्या मिळाल्या भाषांतरातून. मुंबईत तयार झालेली वस्तू मराठी वाचकाच्या हातात अनुवाद होऊन यावी, हा प्रवास इतका अंगवळणी पडला की त्यात काही विचित्र आहे हेच कुणाला जाणवलं नाही.

याचं कारण शोधायला संस्कृतीच्या गप्पा नकोत, छापखान्यात जायला हवं. रंगीत पान चार प्लेटांवर छापलं जातं: निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी. चित्राचे रंग पहिल्या तिघींतून येतात. रेषा आणि फुग्यातली अक्षरं काळ्या प्लेटवर असतात. अनेक भाषांत एकच चित्रकथा काढायची तर निळी, किरमिजी, पिवळी तशीच ठेवायची आणि फक्त काळी बदलायची. आज मराठी, उद्या बंगाली, परवा कन्नड. चित्रकाराचं मानधन, रंगकाम, संपादन हा सगळा खर्च पाच-सहा भाषांवर विभागला जातो. शेवटच्या भाषेच्या वाट्याला येतो अनुवादकाचा मोबदला, एक प्लेट आणि कागद.

प्रकाशक म्हणून हे गणित बिनतोड आहे, मी त्याला दोष देत नाही. पण त्याच्या शेजारी मूळ मराठी चित्रकथा ठेवून बघा. मराठीत पुस्तकाची आवृत्ती निघते हजाराची, आताशा पाचशेचीही. तेवढ्या प्रतींवर चाळीस पानांचं चित्रकाम आणि चारही प्लेटा बसवायच्या. दुकानात मात्र ती त्याच रॅकवर उभी राहणार, जिथे शेजारचं रंगीत पुस्तक निम्म्याहून कमी किमतीत आहे. ती पडणारच. आणि ती पडली की लगेच निष्कर्ष निघणार, बघा, मराठीत चालत नाही.

या एका प्लेटचा भाषेवर काय परिणाम झाला, ते मी लहानपणी स्वतः वाचलेलं आहे. रद्दीच्या दुकानातून भाड्यानं आणलेल्या वेताळाच्या अंकांत डेंकालीच्या जंगलातले दरोडेखोर जे मराठी बोलायचे, ते भूतलावर कुठे बोललं जात नव्हतं. ‘थांब, दुष्टा!’ ‘अरेच्चा! हा तर चालता-बोलता पुतळा!’ ‘मूर्खांनो, पळा!’ आम्ही गल्लीत मारामाऱ्या करताना हीच भाषा वापरायचो आणि घरी आलो की माणसांसारखं बोलायचो. मजा होती, नाकारत नाही. पण त्यातून नकळत एक धडा मिळाला. चित्रकथेतली माणसं आपल्यासारखी बोलत नाहीत, कारण ती आपली नसतातच.

फुग्याचंही तसंच. तो इंग्रजी मोठ्या अक्षरांसाठी आखलेला. ती अक्षरं एका उंचीची, ओळीवर ओळ दाटीनं बसतात. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार लागतो आणि खाली उकार. ‘कुठून कुठे’ लिहायचं तर वर-खाली दोन्हीकडे जागा हवी. मग अनुवादक वाक्य छाटतो किंवा जुळणी करणारा टाइप बारीक करतो. आवाजांचे शब्द तर चित्रातच रंगवलेले असत, काळ्या प्लेटच्या हाती ते नव्हते. म्हणून सगळं मराठीत आणि स्फोट मात्र कधीकधी इंग्रजीत, असंही बघायला मिळे.

आणि आवाज हे तर मराठीचं माहेर. मुस्काटात बसते ती फाडकन, पाठीत बसतो तो धपकन. फांदी काडकन मोडते आणि डोळ्यांत पाणी येतं ते टचकन, ज्याचा खरं तर आवाजच होत नाही. चिखलात पाय पचकन जातो, विहिरीत दगड डुबुककन. माणूस गप्प बसला तरी मराठीत ‘चिडीचूप’ होतं. कुठल्याही चित्रकथाकाराला हेवा वाटावा असं हे भांडार आहे. चित्रात न दिसणारी गोष्ट दाखवायची सोय भाषेनंच करून ठेवलेली. ते वापरायचं तर चित्र काढतानाच शब्द मराठीत सुचायला हवा; ‘डुबुक’ला केवढी जागा लागेल हे विहीर काढणाऱ्यालाच कळतं. तीच गोष्ट तू, तुम्ही, अहो, अगं यांची. एका बाईनं एका पुरुषाला ‘अहो’ म्हटलं की अर्धी कथा सांगून झाली, पुढच्या चौकटीत ती ‘अरे’ म्हणाली की उरलेली. अनुवादात हे नंतर चिकटवता येतं, पण चेहऱ्यावर ते आधीपासून असावं लागतं.

एवढी शब्दांची आणि रेषेची समृद्धी असताना मराठी चित्रकाराची प्रतिभा गेली कुठे? ती व्यंगचित्रात गेली. शं. वा. किर्लोस्करांपासून सुरू झालेली ती वाट दीनानाथ दलाल, वसंत सरवटे, शि. द. फडणीस, मंगेश तेंडुलकर अशी फुलत गेली. १९६० मध्ये तर फक्त व्यंगचित्रांच्या जिवावर ‘मार्मिक’ साप्ताहिक निघालं आणि त्यातून काय काय घडलं ते सांगायला नको. पण हे सगळं प्रामुख्यानं एका चौकटीतलं काम. फडणीसांनी ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठांवर जी शब्दावाचूनची चित्रं केली ती जगात कुठेही कळतील. मात्र त्यांच्यातली माणसं पुढच्या वर्षी पुन्हा भेटत नाहीत. भेटायचं कारणही नाही, विनोद तिथेच पुरा झालेला असतो.

एकचित्राचा हा बहर बराचसा दिवाळी अंकांनी घडवला असं मला वाटतं. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी साहित्याचं वर्ष दिवाळीला सुरू होतं आणि दिवाळीलाच संपतं. कथा, कविता, वात्रटिका, व्यंगचित्र या सगळ्यांना हे वेळापत्रक मानवलं. चित्रकथेला ते मारक आहे. जो नायक वर्षातून एकदा भेटतो त्याची ओळख राहत नाही. ‘क्रमशः’ लिहून पुढची दिवाळी म्हणणं हा वाचकावर अन्याय आहे. चित्रकथेला दर आठवडा लागतो, निदान दर महिना. दिवाळी अंकांवर टीका करणं मराठीत धर्मद्रोहासारखं आहे, तरी हे म्हटलं पाहिजे. त्यांनी आपल्या चित्रकारांना ऑगस्ट-सप्टेंबरात राबवलं आणि बाकीचे महिने मोकळं सोडलं.

जिथे नियमित जागा मिळाली तिथे काय झालं, याचा पुरावा मराठीतच आहे. १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ यायला लागला. तीन-चार छोट्या चौकटी, एक मध्यमवर्गीय घर, पप्पू, मिनी, बगळ्या, शेजारच्या जोशीकाकू. कुणी म्हणालं नाही की मराठी वाचक गंभीर आहे. लोकांनी सकाळी पेपर उघडून आधी चिंटू वाचला. पुस्तकं निघाली, २०१२ आणि २०१३ मध्ये दोन चित्रपट आले. चिंटू फार थोर कलाकृती होती का, यावर वाद घालता येईल. मला स्वतःला त्यातली रेषा नेहमीच जरा जास्त सोज्वळ वाटत आली. पण मुद्दा तो नाही. रोजची जागा दिली आणि पात्र जन्माला आलं. ही जागा त्यानंतर किती जणांना मिळाली, हा प्रश्न आपण विचारत नाही.

केरळात ती फार आधी मिळाली होती. ‘मलयाळ मनोरमा’ साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर टॉम्स यांची ‘बोबनुम मोलियुम’ ही चित्रकथा येत असे आणि लोक ते साप्ताहिक मागून वाचायला सुरुवात करत. ‘मातृभूमी’ साप्ताहिकात १९६१ पासून जी. अरविंदन ‘छोटी माणसं आणि मोठं जग’ अशा अर्थाच्या नावाची चित्रकथा काढत होते. रामू नावाचा बेकार, हळवा, सुशिक्षित तरुण, त्याची नोकरीसाठी वणवण, आणि यश मिळत जाईल तसं त्याचं हळूहळू बदलणं. बारा-एक वर्षं वाचक त्याच्याबरोबर वयानं वाढले. हे मुलांसाठी नव्हतं, यात तात्पर्य नव्हतं, आणि ‘ग्राफिक नॉव्हेल’ हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. अरविंदन पुढे मोठे चित्रपट दिग्दर्शक झाले. आपल्याकडे सत्तरच्या दशकात ‘माणूस’, ‘मनोहर’, ‘सोबत’ अशी ताकदीची साप्ताहिकं होती. कादंबऱ्या क्रमशः छापल्या, रिपोर्ताज छापले, बेकार सुशिक्षित तरुण तर मराठी गद्यात पोत्यानं सापडतो. त्याच्यातून रामू उभा राहिला नाही, कारण आपल्या संपादकांच्या डोक्यात चित्र म्हणजे मजकुराच्या डोक्यावरची सजावट.

टॉम्स यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्याकडच्या चित्रकारांना कुणी सांगत नाही. ते मनोरमातून बाहेर पडले तेव्हा बोबन आणि मोली कुणाचे, यावरून खटला उभा राहिला आणि केरळ उच्च न्यायालयापर्यंत गेला. टॉम्स यांना ती पात्रं पुढे काढत राहण्यापासून न्यायालयानं रोखलं नाही. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचं कलम १७ पगारी माणसाबद्दलही स्पष्ट आहे. वर्तमानपत्राच्या किंवा मासिकाच्या नोकरीत काढलेल्या कामावर मालकाचा हक्क नियतकालिकात छापण्यापुरता. पुस्तक वगैरे बाकी सगळं, उलट करार नसेल तर, करणाऱ्याचं. हे ‘उलट करार नसेल तर’ कुठे लपलेलं असतं ते चित्रकारांनी सही करण्याआधी बघावं. एका ओळखीच्या मुलीनं एका प्रकाशनासाठी शंभरेक पानं काढली. पानामागे ठरलेली रक्कम मिळाली, पात्रं कायमची त्यांची झाली. ती आता जाहिरातींसाठी स्टोरीबोर्ड काढते, आणि चांगलं कमावते. तिच्यासारख्यांनी परंपरा का उभी केली नाही, असं आपण कुठल्या तोंडानं विचारणार?

सगळ्यात लाज वाटावी अशी गोष्ट तर वेगळीच आहे. २०११ मध्ये दिल्लीच्या ‘नवयान’ प्रकाशनानं ‘भीमायन’ हे इंग्रजी चित्रकथेचं पुस्तक काढलं. डॉ. आंबेडकरांचं बालपण, साताऱ्याहून गोरेगावला निघालेली मुलं, स्टेशनावर कुणी न्यायला आलं नाही ती संध्याकाळ, पुढे बडोदा, महाडचं तळं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी ते चितारलं, शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे. त्यात पान चौकटींनी कापलेलं नाही, गोंड नक्षीच्या वळणावळणांनी विभागलेलं आहे. मृदू बोलणाऱ्याच्या शब्दांचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आहे आणि जातीचं विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. एकदा ती नांगी पाहिली की कुठल्याही कागदावर ‘तू कोण रे?’ हा प्रश्न साधा वाटत नाही. जोतिरावांच्या ‘गुलामगिरी’वरची चित्रकथाही त्याच प्रकाशनाकडून आली, तीही इंग्रजीत. १८७३ सालचं मराठी पुस्तक, सातारा, महाड, पुणे ही गावं, आपल्या सामाजिक इतिहासाचा कणा, आणि चित्रकथा म्हणून त्याला पहिलं घर मिळालं ते दिल्लीत, दुसऱ्या भाषेत. ज्यांनी केलं त्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण पिंगुळीचा वारसा मिरवणाऱ्या आपल्यापैकी कुणाला ते आधी का सुचलं नाही? पुन्हा तेच उत्तर: सुचलं असतं तरी न्यायचं कुणाकडे?

मी एकदा नेऊन पाहिलंय. एका चित्रकार मित्राबरोबर दुष्काळी गावातल्या टँकरवरच्या ड्रायव्हरची नव्वद पानांची चित्रकथा घेऊन एका नावाजलेल्या प्रकाशकाकडे गेलो होतो. त्यांनी मनापासून पाहिली, दोन ठिकाणी हसले, एके ठिकाणी थांबले. मग म्हणाले, ‘छानच. पण ड्रायव्हर दारू पितो ती पानं काढा. बालसाहित्यात नाही चालणार.’ आम्ही म्हटलं, हे बालसाहित्य नाहीये. ते खरोखर गोंधळले. ‘मग चित्रं कशाला?’ पुढे ती पानं आम्ही स्वतःच शिवून तालुक्याच्या वाचनालयाला एक प्रत दिली. ग्रंथपालबाई भल्या होत्या, पण दाखल नोंदवहीत ते कुठे लिहायचं यावर त्यांची आणि लिपिकाची पंधरा मिनिटं चर्चा झाली. कादंबरी नाही, बालविभाग नाही, ‘कला’ म्हणावं तर रांगोळीच्या पुस्तकांशेजारी जाणार. अखेर ते संकीर्णमध्ये गेलं. एखादा कलाप्रकार समाजात कुठे आहे हे कळायला यापेक्षा चांगला नकाशा नाही.

यावर उत्तर तयार असतं की बाजारच लहान आहे. बेल्जियममधला डच बोलणारा फ्लँडर्स हा भाग घ्या. वस्ती साठ-सत्तर लाखांची. तिथे विली फांडरस्टेननं १९४५ मध्ये वर्तमानपत्रात ‘सुस्के आणि विस्के’ ही दोन मुलांची साहसकथा रोज थोडी थोडी द्यायला सुरुवात केली. तिचे तीनशेहून अधिक अल्बम झाले आणि ती अजून चालू आहे. शेजारच्या नेदरलँड्सचा वाचकही त्यांना मिळाला हे खरं, तरी सगळे मिळून मराठीच्या जवळपास येत नाहीत. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. आकार लहान आहे तो बाजाराचा नाही.

फ्रेंच बोलणाऱ्या बेल्जियमची कथाही तीच. टिनटिन १९२९ मध्ये आला तो एका दैनिकाच्या मुलांच्या पुरवणीत, दर गुरुवारी. अल्बम नंतर. ‘स्पिरू’ हे साप्ताहिक १९३८ चं. फ्रान्समध्ये आज चित्रकथेला नववी कला म्हणतात, अंगुलेमला १९७४ मध्ये उत्सव सुरू झाला, ब्रसेल्समध्ये व्हिक्टर होर्ताच्या देखण्या इमारतीत संग्रहालय आहे. आपल्या लोकांना उत्सव आणि संग्रहालय लगेच दिसतं, आणि शिष्टमंडळ नेऊन तसंच काही इथे उभारावं असं वाटतं. पण ते सगळं शेवटी आलेलं आहे. सुरुवात स्वस्त कागदावरच्या, ठरलेल्या दिवशी येणाऱ्या पानानं झाली. मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यावर जी भवनं आणि अध्यासनं सुचवली जात आहेत त्यांत चित्रकथेचं दालनही कुणी घुसवेल. त्यात काय ठेवणार?

मोबाइलनं वाचन संपवलं, आता कसलं कॉमिक्स, हा आक्षेप त्यामानानं हलका आहे. दक्षिण कोरियात चित्रकथा मोबाइलच्या पडद्यावर वरून खाली सरकवत वाचतात. ठरलेल्या वारी पुढचा भाग येतो, लोक वाट बघतात. साधन बदललं, वार बदलला नाही.

राहिला खर्चाचा मुद्दा, आणि तो खरा आहे. रंग परवडत नाही. मग रंग सोडा. जपानमध्ये १९६८ पासून निघणारं ‘शोनेन जंप’ साप्ताहिक हलक्या कागदावर एका शाईत छापलं जातं, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्याचा खप आठवड्याला ६५ लाखांच्या घरात होता. अरविंदनचा रामू काळ्या रेषेतलाच. देबनाथांचा बाँटुल वर्षानुवर्षं काळा आणि तांबडा या दोनच शायांत छापला गेला. त्याचा गंजीफ्रॉक गुलाबी आहे तो बहुधा त्यामुळेच. मराठीच्या वाट्याला इतकी वर्षं काळी प्लेट आली, ती दुसऱ्यांच्या चित्रांत आपली अक्षरं भरायला. चित्रही तिच्यावरच काढता येतं. त्याला दुसऱ्या कुणाच्या तीन प्लेटा लागत नाहीत आणि हजाराच्या आवृत्तीतही ते बसतं.

म्हणून माझी मागणी अगदी छोटी आहे. ती सरकारकडे नाही, साहित्य संमेलनाकडे तर नाहीच. ती पुरवण्यांच्या संपादकांकडे आहे. रविवारच्या पुरवणीत राशिभविष्याशेजारचं एक पूर्ण पान, एका शाईत, एकाच चित्रकाराला, वर्षभर. विषय त्याचा, पात्रं त्याची, पुस्तकाचे हक्क त्याचे आणि तसं कागदावर लिहिलेलं. मोठ्या वाचकांसाठी असेल तर दारू पिणारा ड्रायव्हर चालेल असंही त्याच कागदावर. पहिले दोन महिने पत्रं येतील की हे काय लावलंय, शब्दकोडं कुठे गेलं. येऊ द्यावीत. तिसऱ्या महिन्यात एखाद्या रविवारी पान चुकलं आणि त्याबद्दल पत्रं आली, तर काम झालं असं समजावं.

बेल्जियन अल्बम बहुतेक ४८ पानांचा असतो. वर्षाचे रविवार ५२. उरलेले चार चित्रकाराला सुट्टी द्यावी, ऑगस्ट-सप्टेंबरात. दिवाळी अंकांची चित्रं त्याला तेव्हाच काढायची असतात.